प्रथमपुरुषातला ‘मी’ कोणाचा? : पॅरामोर बँडच्या ‘रायट!’ या अल्बमची मीमांसा

१

लोकप्रिय गीतांचा विचार विद्यापीठीय संशोधनात सामान्यतः दोन मार्गांनी होतो. काही अभ्यासक गीतांच्या प्रसाराची आकडेवारी तपासतात, तर काही त्यांतून समाजस्थितीचे दर्शन घडते काय, हे पाहतात. हे दोन्ही मार्ग उपयुक्त आहेतच. परंतु गीत ही प्रथमतः एक उक्ती असते. तीत कोणीतरी, कोणाशीतरी, कोणाविषयीतरी बोलत असतो. व्याकरणात ज्यास आपण ‘पुरुष’ म्हणतो त्या व्यवस्थेचाच हा प्रश्न होय. प्रथम, द्वितीय आणि तृतीय या तीन पुरुषांची मांडणी एखाद्या गीतसंग्रहात कशी झाली आहे, हे पाहिले असता त्याच्या लोकप्रियतेचे मर्म कित्येकदा अधिक स्पष्टपणे कळते.

प्रस्तुत लेखात अशा एकाच गीतसंग्रहाचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील पॅरामोर या बँडचा ‘रायट!’ हा अल्बम जून २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी बँडची गायिका व गीतलेखिका हेली विल्यम्स १८ वर्षांची होती, गिटारवादक जॉश फॅरो १९ वर्षांचा होता, आणि ड्रम वाजविणारा त्याचा धाकटा भाऊ झॅक याला नुकतीच सतरा वर्षे पूर्ण झाली होती. बेस गिटार वाजविणारा जेरेमी डेव्हिस तेवढा विशी ओलांडलेला होता. तात्पर्य, ज्या वयाच्या श्रोत्यांनी हा संग्रह उचलून धरला, जवळजवळ त्याच वयाच्या मुलांनी तो निर्माण केला होता. या समवयस्कतेमुळे त्यास विलक्षण लोकप्रियता लाभली, आणि पुढे अकरा वर्षांनी त्याच कारणाने त्यातील सर्वांत प्रसिद्ध गीत गायिकेला नकोसे झाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

या संग्रहाची गणना ज्या प्रकारात होते त्यास ‘इमो-पॉप’ असे नाव आहे. यांतील ‘इमो’ या शब्दाची घडण उद्बोधक आहे. १९८० नंतरच्या काळात वॉशिंग्टन शहरी ‘हार्डकोर’ नावाचा अतिद्रुत, कर्कश आणि मुख्यतः निषेधाचा सूर लावणारा पंक संगीताचा प्रकार रूढ होता. १९८५ च्या सुमारास तेथील राइट्स ऑफ स्प्रिंग, एम्ब्रेस इत्यादी बँडनी त्याच गडगडाटी वाद्यमेळात व्यक्तिगत दुःख, पश्चात्ताप आणि स्नेहभंग यांचे विषय आणले. या प्रकारास ‘इमोशनल हार्डकोर’ असे म्हणण्यात येऊ लागले. पुढे त्याचे ‘इमोकोर’ झाले, व शेवटी तेही गळून नुसते ‘इमो’ उरले. शब्दाचा उत्तरभाग झडून पूर्वभागच नाम म्हणून वावरू लागणे, ही प्रक्रिया भाषेत नित्य घडणारी आहे.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्यांना हे नाव मिळाले त्यांनी ते कधीच मनापासून स्वीकारले नाही. एम्ब्रेसचा गायक इयान मकाय याने तर त्याची जाहीरपणे खिल्ली उडविली. १८७४ मध्ये पॅरिसमध्ये लुई लरुआ या समीक्षकाने उपहासाने योजलेला शब्द पुढे ‘इंप्रेशनिझम’ या चित्रसंप्रदायाचे मानाचे नाव झाला, हे आपणास ठाऊक आहे. ‘इमो’ला तेवढे भाग्य लाभले नाही. ते नाव हेटाळणी आणि अभिमान या दोहोंमध्ये सतत हेलकावत राहिले. उघडपणे भावविवश होणाऱ्या तरुणाकडे समाज ज्या दृष्टीने पाहतो, तीच दृष्टी या नावावर उमटली आहे.

१९९४ मध्ये सिॲटलकडील सनी डे रिअल इस्टेट या बँडने आपल्या पहिल्या अल्बमास ‘डायरी’ असे नाव दिले. रोजनिशी हा या संगीताचा जणू मूळ वाङ्मयप्रकार होय, ही गोष्ट त्या शीर्षकाने सूचित झाली. त्यानंतर या प्रवाहात सुबोध चाली व सहज गुणगुणता येणारी ध्रुवपदे शिरली. ॲरिझोनातील जिमी ईट वर्ल्डचा ‘ब्लीड अमेरिकन’ (२००१), शिकागोच्या उपनगरांतील फॉल आउट बॉयचा ‘फ्रॉम अंडर द कॉर्क ट्री’ (२००५) आणि न्यू जर्सीच्या माय केमिकल रोमान्सचा ‘द ब्लॅक परेड’ (२००६) हे त्या स्थित्यंतराचे ठळक टप्पे होत. वीस वर्षांपूर्वी तळघरांत व लहान सभागृहांत गायिली जाणारी गीते आता दूरचित्रवाणीवर आणि उन्हाळ्यात देशभर फिरणाऱ्या ‘वॉर्प्ड टूर’सारख्या संगीतजत्रांत ऐकू येऊ लागली.

३

या सर्व परंपरेत एक गोष्ट गृहीत धरली गेली होती. गीतातला ‘मी’ हा मुलगा असे. तो दुखावलेला असे, आणि ज्या मुलीने त्यास दुखावले ती ‘ती’ किंवा ‘तू’ या रूपाने गीतात येई. तिला स्वतःचे म्हणणे नसे. २००३ मध्ये जेसिका हॉपर या लेखिकेने ‘पंक प्लॅनेट’ या नियतकालिकात एक निबंध लिहून या उणिवेवर नेमके बोट ठेवले. या गीतांत मुली केवळ पुरुषाच्या दुःखाचे निमित्त म्हणून वावरतात, त्यांना स्वतःचे आयुष्य असे काही दिलेले नसते, अशी तिची तक्रार होती. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, या काव्यातील प्रथमपुरुष हा शब्दशः पुरुषच होता.

येथे भाषेचा एक विशेष ध्यानात घ्यावयास हवा. इंग्रजीतील ‘मी’वाचक सर्वनामास लिंग नाही, आणि त्याच्या क्रियापदासही नाही. मराठीत ‘मी रडलो’ आणि ‘मी रडले’ यांत वक्ता कोण हे तत्काळ उघड होते. कोल्हापूरकडील स्त्रियांच्या बोलीत ‘मी आलो’ असा प्रयोग आढळतो, परंतु प्रमाण भाषेत हा भेद टळत नाही. इंग्रजीत मात्र मुलाने लिहिलेले गीत मुलीस जसेच्या तसे स्वतःचे म्हणून गाता येते. त्या मैफलींत पुढे उभ्या राहणाऱ्या मुली वर्षानुवर्षे हेच करीत होत्या. उसन्या ‘मी’मध्ये त्या आपले दुःख ठेवीत होत्या. मात्र गीतात ‘ती’ आली की त्यांची अडचण होई, कारण तृतीयपुरुषी सर्वनाम इंग्रजीतही लिंगभेद दाखविते, आणि त्या स्थानी त्यांना स्वतःलाच आरोपी म्हणून पाहावे लागे.

पॅरामोरच्या उदयाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. २००५ च्या वॉर्प्ड टूरमध्ये हा बँड प्रथम गायिला तो स्त्री-कलावंतांसाठी वेगळ्या मांडलेल्या एका छोट्या रंगमंचावर. दोनच वर्षांनी तो त्याच जत्रेच्या मुख्य रंगमंचावर होता.

४

हेली विल्यम्सचा जन्म १९८८ मध्ये मिसिसिपी राज्यातील मेरिडियन येथे झाला. २००२ मध्ये ती आईबरोबर नॅशव्हिलच्या दक्षिणेस असलेल्या फ्रँक्लिन या गावी आली, आणि तेथे तिची फॅरो बंधूंशी ओळख झाली. नॅशव्हिल हे कंट्री संगीताचे माहेरघर. तेथील व्यवसायाला किशोरवयीन गायिका हवीच होती. अटलांटिक या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीने विल्यम्सशी करार केला तेव्हा ती अवघी चौदा-पंधरा वर्षांची होती. कंपनीला एकटी पॉप गायिका अभिप्रेत होती, परंतु तिने मित्रांसह बँडमध्येच गाण्याचा हट्ट धरला. २००४ मध्ये पॅरामोरची स्थापना झाली. करार मात्र एकट्या विल्यम्सच्याच नावाचा राहिला. बँडचे अल्बम ‘फ्यूएल्ड बाय रामेन’ या फ्लोरिडात स्थापन झालेल्या, तरुणांत मान असलेल्या छोट्या संस्थेच्या नावाने निघू लागले.

बँडच्या नावाचीही एक व्युत्पत्ती आहे. आरंभीच्या एका बेसवादकाच्या आईचे माहेरचे आडनाव पॅरामोर असे होते. त्याच उच्चाराच्या दुसऱ्या एका शब्दाचा अर्थ गुप्त प्रियकर असा होतो, हे मुलांना मागाहून कळले, आणि त्यांनी आडनावाचे वर्णलेखन कायम ठेवून ते नाव पक्के केले.

पहिला अल्बम ‘ऑल वुई नो इज फॉलिंग’ जुलै २००५ मध्ये निघाला, पण त्याचा फारसा बोलबाला झाला नाही. दुसरा ‘रायट!’. त्याचे ध्वनिमुद्रण न्यू जर्सी येथे डेव्हिड बेंडेथ या निर्मात्याच्या हाताखाली झाले. ‘रायट’ म्हणजे दंगल. परंतु बँडला त्या शब्दाचा भावनांचा अनावर उद्रेक हा अर्थ अभिप्रेत होता, असे त्यांनी सांगितले आहे. वेष्टनावर हा शब्द हाताने पुन्हा पुन्हा गिरविलेला आहे. वर्गात कंटाळलेल्या विद्यार्थ्याने वहीच्या पाठपानावर काहीतरी गिरवीत बसावे, त्याची आठवण ते पाहून होते. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या अल्बम-सूचीत हा संग्रह १५ व्या क्रमांकापर्यंत चढला आणि २००८ मध्ये तेथे त्यास दहा लाख प्रतींच्या ‘प्लॅटिनम’ विक्रीचा दाखला मिळाला. त्याच वर्षीच्या ग्रॅमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नवोदितांच्या नामावलीत बँडचा समावेश झाला. पुरस्कार एमी वाइनहाउसला मिळाला.

५

आता संहितेकडे वळू. संग्रहात एकंदर ११ गीते आहेत आणि ती सर्व मिळून चाळीस मिनिटांहून कमी वेळात संपतात. शीर्षके पाहिली तरी सर्वनामांचा खेळ ध्यानी येतो. पहिले गीत ‘फॉर अ पेसिमिस्ट, आय ॲम प्रिटी ऑप्टिमिस्टिक’. म्हणजे निराशावादी असूनही मी बरीच आशावादी आहे, असे ‘मी’चे परस्परविरोधी आत्मकथन. दुसऱ्याच्या शीर्षकात ‘यू’ आहे, तर नवव्याच्या, म्हणजे ‘वुई आर ब्रोकन’च्या, शीर्षकात ‘वुई’ आहे. ‘क्रशक्रशक्रश’ या आठव्या गीताचे शीर्षक एकच शब्द तीनदा सलग जोडून केले आहे. शाळकरी बोलीत ‘क्रश’ म्हणजे न सांगता मनात ठेवलेली ओढ, आणि त्याचा मूळ अर्थ चिरडणे. मनात घोळत राहिलेला शब्द जसा आपोआप पुनरुक्त होतो, तशी ही त्रिरुक्ती आहे.

‘वुई’चा प्रश्न मराठी अभ्यासकास विशेष जाणवणारा आहे. आपल्या भाषेत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्यास सामावून घेणारे ‘आपण’ अशी दोन भिन्न सर्वनामे आहेत. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच शब्द असल्याने गाणारा ‘आम्ही’ म्हणतो आणि ऐकणारा ‘आपण’ ऐकतो. ‘रायट!’मधील ध्रुवपदे याच संदिग्धतेचा लाभ घेतात. कडवे तुलनेने संयत असते. ध्रुवपदाशी येताच सर्व गिटारी एकवटतात, विल्यम्सचा आवाज वरच्या पट्टीत पूर्ण दमाने उघडतो, आणि त्यास इतर आवाजांची जोड मिळते. एकटीने सुरू केलेले स्वगत समूहाचे उच्चारण होते. बेंडेथच्या निर्मितीत प्रत्येक शब्द सुस्पष्ट ऐकू येतो. तो ऐकणाऱ्यास म्हणता यावा, ही त्यामागील दृष्टी असावी.

आपल्या काव्यशास्त्रात या व्यापारास साधारणीकरण असे नाव आहे. रामाची व सीतेची रती प्रेक्षकास कशी आस्वादिता येते, या शंकेचे भट्टनायकाने दिलेले उत्तर असे की, भावकत्व व्यापाराने विभावादिकांचे व्यक्तिविशिष्टत्व गळून पडते व ते सर्वसामान्य होतात. फ्रँक्लिनमधील एका मुलीच्या शाळेतील रुसवेफुगवे ओहायोतील अथवा इंग्लंडमधील मुलास आपले वाटतात, त्याचेही हेच कारण. मात्र येथे एक जोड द्यावी लागते. प्रेक्षकाने राम व्हावे, अशी अपेक्षा नाट्यात नसते. या गीतांत मात्र श्रोता ‘मी’चे स्थान प्रत्यक्ष घेतो, मोठ्याने गातो. पुढे पॅरामोरच्या कार्यक्रमांत ‘मिझरी बिझनेस’ या गीताच्या अखेरीस गर्दीतील एखाद्या श्रोत्यास रंगमंचावर बोलावून त्याच्याकडून शेवटचा भाग गाऊन घेण्याची प्रथाच पडली. साधारणीकरणाचे याहून मूर्त उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

६

परंतु अडचण नेमकी याच गीतात होती. ‘मिझरी बिझनेस’ हे संग्रहातील चौथे गीत, आणि त्याच्या लोकप्रियतेचा मुख्य आधार. त्यात ‘मी’, ‘तो’ आणि ‘ती’ असा त्रिकोण आहे. प्रतिस्पर्धी मुलीवर मिळविलेल्या विजयाचा आनंद ‘मी’ व्यक्त करते. हे शब्द सतराव्या वर्षी आपल्या रोजनिशीतून उतरले, असे विल्यम्सने पुढे सांगितले आहे. गीताच्या दुसऱ्या कडव्यात त्या मुलीविषयी बोलता बोलता एक शिवी येते. चारित्र्याविषयीची, केवळ स्त्रीसच दिली जाणारी अशी ती शिवी आहे.

या ठिकाणी वाक्यरचना काय करते, हे बारकाईने पाहिले पाहिजे. आतापर्यंत एका विशिष्ट ‘ती’विषयी बोलणे चालले होते. शिवीच्या वाक्यात सर्वनाम अकस्मात् बदलते, आणि ‘ती’च्या जागी इंग्रजीतील सामान्यार्थी ‘यू’ येतो. मराठीत आपण म्हणीच्या थाटात ‘एकदा माणूस बिघडले की बिघडलेच’ असे म्हणतो, तशी ती रचना आहे. एका मुलीवरचा राग एका क्षणात स्त्रीमात्राविषयीचा सिद्धान्त बनतो. ज्या साधारणीकरणामुळे श्रोत्यास ‘मी’चे स्थान मिळाले, त्याचेच हे दुसरे अंग होय. प्रथमपुरुष सर्वांचा झाला, त्याबरोबर तृतीयपुरुषही सर्वसामान्य झाला. विल्यम्सने प्रथमपुरुषाचे आसन मिळविले खरे, परंतु त्या आसनासमोरची मांडणी जुनीच राहिली. आरोपीच्या जागी पूर्वीप्रमाणे मुलगीच होती.

सतरा वर्षांच्या मुलीवर याचा सर्व दोष लादणे अन्यायाचे होईल. तिला उपलब्ध असलेल्या काव्यभाषेत रागाची वाक्ये याच साच्यात घडविलेली होती. परंतु ती वाक्ये म्हणणारी प्रत्येक श्रोती काही अंशी स्वतःविरुद्धच साक्ष देत होती, हेही नाकारता येत नाही.

७

२०१५ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, विल्यम्सने लिहिले की, या शब्दांशी आपला आता मेळ बसत नाही. ७ सप्टेंबर २०१८ रोजी नॅशव्हिल येथील कार्यक्रमात, हे गीत आपण दीर्घकाळपर्यंत पुन्हा गाणार नाही, असे तिने रंगमंचावरून जाहीर केले. आपल्या सर्वांत गाजलेल्या गीताचा कलावंताने स्वेच्छेने त्याग करावा, ही घटना लोकप्रिय संगीताच्या इतिहासात विरळाच. रोजनिशीतील ‘मी’ आणि तिशीकडे झुकलेली ‘मी’ या दोघी एक नाहीत, परंतु रंगमंचावर सर्वनाम एकच आहे, असा तो पेच होता.

बँडमध्येही सर्वनामाचा एक कलह या काळात होऊन गेला होता. करार एकटीच्या नावे असल्याने बँडला ‘मी’ समजावे की ‘आम्ही’, हा वाद आरंभापासून धुमसत होता. ‘पॅरामोर इज अ बँड’ अशी अक्षरे छापलेले सदरेच त्यांनी काढले होते. तरीही डिसेंबर २०१० मध्ये दोघे फॅरो बंधू बाहेर पडले. झॅक २०१७ मध्ये परतला.

गीत थांबले, परंतु ते श्रोत्यांकडून नाहीसे झाले नाही. २०२१ मध्ये ऑलिव्हिया रॉड्रिगो या १८ वर्षांच्या गायिकेचे ‘गुड फोर यू’ हे गीत गाजले. त्याचे ‘मिझरी बिझनेस’शी असलेले साम्य अनेकांना जाणवले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच्या रचनाकारांत विल्यम्स व जॉश फॅरो यांची नावे जोडण्यात आली. एप्रिल २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात बिली आयलिश हिच्या आमंत्रणावरून विल्यम्सने हे गीत तिच्यासह गायिले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी बेकर्सफिल्ड येथे पॅरामोरनेही ते पुन्हा आपल्या कार्यक्रमात घेतले. ‘रायट!’ निघाला तेव्हा आयलिश पाच वर्षांची होती आणि रॉड्रिगो चार वर्षांची. याचा अर्थ, ‘मी’चे ते स्थान पुढच्या पिढीने ताब्यात घेतले होते, आणि ते परत मागण्याचा अधिकार मूळ वक्तीकडे उरला नव्हता.

८

या विवेचनातून दोन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, ‘रायट!’चे आकर्षण केवळ तारुण्याच्या जोमात किंवा चालींच्या गोडीत शोधणे अपुरे ठरते. रोजनिशीची एकवचनी भाषा समूहाच्या तोंडी बसेल अशा रीतीने त्यात रचलेली आहे, आणि ती प्रथमच मोठ्या प्रमाणावर एका मुलीच्या आवाजात ऐकू आली, हे त्याचे बलस्थान होय. दुसरा निष्कर्ष असा की, ज्या गीताचा ‘मी’ सर्वांना घेता येतो, त्यातील ‘ती’लाही सर्वांचा भार वाहावा लागतो. म्हणून लोकप्रिय गीताचे परीक्षण करताना आपण प्रथमपुरुषाकडे जेवढे लक्ष देतो तेवढेच तृतीयपुरुषाकडेही दिले पाहिजे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरामोरला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तो ‘धिस इज व्हाय’ (२०२३) या प्रौढ वयातील संग्रहासाठी. त्याच्या गुणांविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. मात्र मैफलीत एकमुखाने गायिले जाते ते अजूनही २००७ चे गीत. सतराव्या वर्षी लिहिलेल्या ओळी चाळिशीकडे निघालेली स्त्री गाते आणि समोरची सतरा वर्षांची मुलगी त्या स्वतःच्या म्हणून गाते, तेव्हा एकाच सर्वनामात तीन वक्त्या एकत्र आलेल्या असतात. त्यांपैकी प्रत्येकीची जबाबदारी वेगळी आहे, एवढे जरी भाषेच्या अभ्यासकांनी दाखवून दिले, तरी या विषयाकडे वळल्याचे सार्थक होईल.